न मोजलेली झाडं

“खजुराची झाडं किती आहेत?” गुन्नारनं विचारलं आणि प्रल्हादच्या तोंडचं पाणी पळालं.

“आम्ही मोजत नाही,” तो म्हणाला. “दृष्ट लागते.”

गुन्नारनं गंभीरपणे मान डोलावली. नॉर्वेतल्या त्याच्या शेतावर आजीनं दुभत्या गाई कधी मोजू दिल्या नव्हत्या म्हणे. प्रल्हादचा जीव भांड्यात पडला.

दुबईपासून तासाभरावरच्या अल धैदच्या या शेतावर प्रल्हाद आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल ठेवत होता. शेत त्याच्या ऑफिसातल्या यहयाचं. प्रल्हादची स्वतःची शेती म्हणजे अल मनखूलच्या भाड्याच्या फ्लॅटमधली कढीपत्त्याची कुंडी, आणि तिलाही पाणी त्याची बायको वीणा घालायची.

पण लेकीला, श्रियाला, लार्स आवडला होता. दोघं जुमेरा लेक टॉवर्समध्ये एकाच ऑफिसात कामाला. लार्सचा बाप गुन्नार म्हणजे नऊ पिढ्यांचं शेत सांभाळणारा माणूस. तो मुलीकडची मंडळी पाहायला येणार, आणि त्याच्या होकाराशिवाय लार्स लग्न करणार नाही. “ही ओन्ली ट्रस्ट्स पीपल विथ लँड, पप्पा,” श्रियानं सांगितलं होतं. मग जरा थांबून, “यहया अंकलचं फार्म आहे ना?”

प्रल्हादनं एका दिवसापुरतं शेत मागितलं तेव्हा यहया आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, “यल्ला, जाओ. मुश्ताक को बोल दूँगा.” लार्सलाही यातलं काही कळू द्यायचं नाही, असं श्रियानं बजावलं होतं. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, तसं प्रल्हाद सकाळपासून रेटत होता.

मुश्ताक शेताचा राखणदार. पढवल्याप्रमाणे तो घडोघडी “जी मालिक” म्हणत होता, पण बघत होता प्रल्हादच्या खांद्यावरून मागे, जिथे लार्स उभा होता. नजर जरा तिरळी असेल, अशी प्रल्हादनं मनाची समजूत घातली. कुत्र्याची समजूत कोण घालणार? ते नेमकं प्रल्हादवरच भुंकत सुटलं, आणि दमल्यावर लार्सच्या पायाशी जाऊन लोळलं.

“शेतकऱ्याचा मुलगा,” वीणा कौतुकानं म्हणाली. “जनावरांना बरोब्बर कळतं.”

सावलीत सतरंजी टाकून डबे उघडले. गुन्नारनं लोण्याबरोबर तीन थालीपिठं खाल्ली आणि चौथ्याकडे बघत बघत आपल्या शेताबद्दल सांगायला लागला. लाल रंगाचा गोठा, बटाटे, सहा महिने बर्फ. शेताचं जे नाव, तेच घराण्याचं आडनाव.

“आमच्यातही तसंच,” प्रल्हाद म्हणाला. “गाव सुटतं, आडनावातलं सुटत नाही.” त्या दिवसातलं त्याचं हे पहिलं खरं वाक्य.

“आणि शेत थोरल्याला जातं,” गुन्नार म्हणाला. “थोरल्यानं तिथंच राहायचं. लार्स थोरला.”

वीणानं लागलेलंच झाकण पुन्हा घट्ट लावलं. पोरगी बर्फात जाणार म्हणून ती आठवडाभर पदराआड रडत होती. प्रल्हादलाही आतून तुटत होतं. पण लेकीच्या सुखाच्या आड यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं.

“हे शेत तुमच्यामागे कुणाचं?” गुन्नारनं विचारलं.

“श्रियाचं. एकुलती एक आहे.”

गुन्नार उठला. त्यानं आळ्यातली मूठभर माती उचलली, हुंगली, पुन्हा खाली सोडली. मुश्ताकनं चहा आणला. सगळ्यांना दाट आणि गोड, लार्सला न विचारताच बिनसाखरेचा. गुन्नार कप हातात घेऊन झाडांच्या रांगांकडे बघू लागला. प्रल्हादच्या मनात आलं, म्हाताऱ्यानं ओळखलं वाटतं.

“मी तुमच्या मुलीला न्यायला आलो होतो,” गुन्नार म्हणाला. “पण जिची स्वतःची जमीन आहे, तिला उपटून न्यायचं नसतं. आमचं शेत लार्सची बहीण बघेल, ती केव्हाची मागतेय. लार्स इथंच राहील. या शेतावर.”

“घरजावई!” वीणा मराठीतच ओरडली आणि हसता हसता रडायला लागली. श्रियानं बापाला मिठी मारली. “थँक यू, पप्पा!” लार्स खाली मान घालून कुत्र्याचे कान खाजवत होता.

आनंदानं प्रल्हादचे डोळे भरून आले. लेक जवळ राहणार होती, पण जावई राहणार कुठे? एक मिनिटात आलो म्हणत तो मोटरच्या खोलीमागे गेला आणि त्यानं फोन लावला.

“यहया, मर गया! बुड्ढा लड़के को इधर ही छोड़ रहा है, फार्म पे! कुछ भी कर, ये फार्म मुझे दे दे. किराये पे ही सही!”

पलीकडून तेच पोट धरून हसणं ऐकू आलं.

“कैसे दूँ, हबीबी? वो तो लार्स मार्च में ही ले चुका, पाँच साल के लिए.”