मीमूनचे रोजे

या, जरा जवळ सरकून बसा. आमच्या फेज शहरातल्या एका रोजेदाराची गोष्ट सांगते.

लल्ला तामूनं पाळलेला रंग बदलणारा सरडा, मीमून, अंगणातल्या कुंडीतल्या लिंबाच्या झाडावर राहायचा. रमजानच्या पहिल्याच दुपारी त्यानं तोंडासमोरची माशी सोडून दिली, तेव्हा तिचा नवरा सी अल्लाल हसून म्हणाला, "तामू, हा तर रोजा धरून बसलाय! आणि तुझ्यासारखी कुरकुरही नाही हो."

तामूला गहिवरून आलं. रोजेदारापुढे पाणी नाचवू नये, म्हणून एरवी सकाळी झाडावर शिंपडायचं पाणी ती सूर्यास्तानंतर शिंपडू लागली. आठव्या दिवशी मीमून भर उन्हात डोळे मिटून बसला, तर शेजारणी त्याची भक्ती बघायला आल्या. दहाव्या दिवशी तो फांदीवरून खाली पडला.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "डोळे एवढे खोल गेलेत, दिसलं नाही का बाई? हा वाटीतलं पाणी पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. आणि दिवस मावळला की झोपतो."

तामू घरी आली आणि भर दुपारी पानांवर थेंबथेंब पाणी सोडत बसली. कितीतरी वेळानं मीमूननं एक डोळा किलकिला केला आणि पान चाटलं.

"मोडलास ना बिचाऱ्याचा रोजा!" अल्लालनं चेष्टा केली.



"त्याचा नाही," तामू डोळे पुसत म्हणाली, "मोडले ते माझे, दहाच्या दहा."

उपास सोडताना पहिला घोट घ्याल, तेव्हा मीमूनची आठवण असू द्या.