बारावी जागा

वांडा प्रूइट जाहिरातीचा कागद हातात घेऊनच आत आली. त्यातल्या प्रत्येक अटीपुढे तिने पेनाने बरोबरची खूण केली होती.

बागकामाची कंत्राटं घेणाऱ्या व्हर्न टॉलिव्हरने कागद लांबूनच ओळखला. दरवर्षी जानेवारीत तो ही जाहिरात देत असे, कारण कायदाच तसा होता. बागकामाच्या हंगामासाठी मेक्सिकोहून माणसं आणायची तर आधी इथल्या, ओहायोतल्या माणसांना विचारायचं. नऊ वर्षांत विचारून जे चार-पाच जण आले, ते जूनच्या उन्हात दुपारच्या जेवणाला म्हणून गेले ते परतलेच नाहीत. आता कुणी येऊच नये अशा बेताने तो जाहिरात देई. यंदा त्याने बारा जागा मागितल्या होत्या आणि बाराही नावं ठरलेली होती.

बारावं नाव चोनचं. चोनचा थोरला भाऊ नाबोर इथे बारमाही मुकादम होता. तो दाराशी बसून बर्फाच्या फावड्याला नवा दांडा बसवत होता. बाई कामाला लायक निघाली तर एक जागा तिची, आणि चोन यंदा घरी. हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

व्हर्नने कामाचं वर्णन सुरू केलं. पहाटे साडेपाचला हजर व्हायचं. जुलैत डोक्यावर ऊन. गवताखाली गांधीलमाश्यांची पोळी. दिवसभर संडासाची सोय नाही. प्रत्येक वाक्यानंतर तो थांबे, आणि वांडा म्हणे, चालेल. बावीस वर्षं ती झाडा-रोपांच्या एका नर्सरीत कामाला होती. ती नर्सरी ऑगस्टमध्ये बंद पडली.

"तुम्ही नोकरी देताय की भीती घालताय?" तिने शेवटी विचारलं.

व्हर्न हसला नाही. पन्नास पौंड वजन उचलता आलं पाहिजे, अशी अट आहे, तो म्हणाला. तिथेही मी खूण केली आहे, ती म्हणाली.

"नाबोर, एक गोणी आण."

कसली, ते तो बोलला नाही. नाबोरकडे फक्त जरा जास्त वेळ पाहत राहिला. मागच्या खोलीत दोन थप्प्या होत्या. बर्फावर टाकायच्या मिठाच्या गोण्या पन्नास पौंडांच्या, काँक्रीटच्या ऐंशीच्या. नाबोर दोन्हींच्या मध्ये क्षणभर उभा राहिला. मग काँक्रीटची गोणी खांद्यावर घेऊन आला आणि छापील बाजू खाली करून वांडापुढे टाकली.

वांडा वाकली नाही. बुटाच्या टोकाने तिने गोणी एकदा डिवचली.

"ऐंशीची आहे," ती म्हणाली. व्हर्नकडे तिने पाहिलंही नाही. ती नाबोरशी बोलत होती. "बावीस वर्षं गोण्या वाहिल्यात मी. कुठली किती, ते पडल्याच्या आवाजावरून कळतं. कुणासाठी केलंत हे?"

नाबोरला खोटं सुचलं नाही. "भावासाठी," तो म्हणाला. भाऊ सहा हंगाम येतोय, एक दिवस चुकलेला नाही, हेही त्याने सांगितलं. का सांगितलं, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"मग भांडायचं तर या तुमच्या मालकांशी भांडा. माझ्या कमरेशी काय भांडता?"

व्हर्न मध्ये पडला. जमत नसेल तर तसं सांगून टाका, म्हणाला, वाईट वाटून घ्यायचं नाही, वयाचा भाग असतो. तो स्वतः बासष्टचा होता.

वांडाने कोट काढून खुर्चीवर टाकला. गुडघ्यांत वाकून गोणी आधी मांडीवर घेतली, मांडीवरून छातीशी. तिच्या मानेच्या शिरा फुगल्या. चार पावलं चालून ती व्हर्नच्या टेबलाशी आली आणि त्याच्या समोरच्या कागदांवर तिने गोणी आदळली. कॉफीचा कप उडाला. करडी धूळ त्याच्या दाढीवर बसली.

"एक एप्रिल," ती म्हणाली. "साडेपाच लिहिलंय. मी पाचला येईन."

जाताना तिने दार आपटलं नाही. उघडंच टाकलं.

मग व्हर्नचं तोंड सुटलं. विश्वासाची माणसं मिळत नाहीत म्हणून मी दरवर्षी वॉशिंग्टनपुढे नाक घासतो, आणि ही बया मला शिकवणार. बराच वेळ तो असं बोलत राहिला. मग त्याने आवाज खाली आणला. कोण आलं आणि का घेतलं नाही, याचा अहवाल सरकारला पाठवायचा होता. वजन उचलता आलं नाही, एवढं लिहिलं की भागत होतं. पण खाली साक्षीदाराची सही असावी, असं त्याच्या वकिलाचं म्हणणं होतं.

"तू बघितलंस ना? तिला नाही जमलं," व्हर्न म्हणाला. "चोन येणार की नाही, ते आता तुझ्या हातात आहे."

अहवालाचा कागद गोणीखाली होता. व्हर्नने कोपरा धरून ओढला तर कोपराच हातात आला. त्याने दोन्ही तळवे लावून गोणी रेटली. ऑक्टोबरमध्ये त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. तो अर्ध्यावरच थांबला, ओठ आवळून.

"काढ ही इथून."

नाबोर जागचा हलला नाही.

"उचल म्हणतोय ना."

नाबोर गोणीकडे बघत राहिला. मग त्याने दोन्ही हात जाकिटाच्या खिशांत घातले.

"लिहून टाका, मालक," तो म्हणाला. "मलाही उचलता येत नाही."