ताजी मेंदी

मेंदी पार फिकी पडली होती. नजवाने झग्याचा गळा खाली ओढून आरशात पाहिलं. काल संध्याकाळी तिच्या लेकीने, सिरीननेही असंच वाकून पाहिलं होतं, टाळ्या पिटल्या होत्या आणि म्हणाली होती, "बाऊ गेला!"

म्हणून आज दुपारी, पोरगी अंगणात कोंबड्यांच्या मागे पळत असताना, सासू-सुना आतल्या खोलीत पडदा ओढून बसल्या. मध्ये मेंदीची वाटी. मेंदी घरच्याच वाफ्यातली, सासूने वाळवून दळलेली. त्यांच्या गाबेस गावची मेंदी एकदा चढली की लवकर हटायची नाही.

"तुझ्या लग्नात सुद्धा एवढं मन लावून मेंदी नव्हती लावली मी," मब्रूका सुनेच्या छातीवर लेप थापत म्हणाली.

"उम्मी, हसवू नका. सांडेल."

"आमच्या वेळी ही नाटकं नव्हती बाई. कोरफडीचा चीक चोळायचा. पोर एकदा तोंड वाकडं करणार, दोन रात्री घर डोक्यावर घेणार, आणि सुटलं."

"कडू नको," नजवा म्हणाली. "तिला मी कडू लागायला नको."

सासूने बोटं पुन्हा वाटीत बुडवली.

सिरीनला दोन वर्षं होत आली होती. दिवसा तिला अंगावरच्या दुधाची आठवण नसायची, पण रात्री कूस बदलली की ती प्यायला आईला धरायचीच. नजवाला जगातलं दुसरं काही नको होतं, एक सलग झोप हवी होती. तेव्हा तिनेच ही गोड युक्ती काढली. दोन्हीकडे मेंदीचे लालभडक डाग उमटवले आणि लेकीला दाखवून म्हणाली, "बघ, आईला बाऊ झालाय. दुखतंय."

आणि सिरीन रडलीच नाही. पहिल्या रात्रीही नाही. तिने गाल फुगवून फुंकर घातली, कपड्यावरूनच एक पापी घेतली आणि आईला धक्का लागू नये म्हणून भिंतीकडे सरकून झोपली. मग रोज संध्याकाळी तपासणी. बाऊ कितपत बरा झाला ते बघायचं, फुंकर घालायची, सरकून झोपायचं. मब्रूका गल्लीभर सांगत सुटली होती, "रडली नाही हो, गुणाची गं माझी बाय!" कुणी तसं कौतुक केलं की नजवाला तोंड लपवावंसं वाटायचं. पोरीने आकांत केला असता तर तिला सोपं गेलं असतं. पहिले काही दिवस छाती दगडासारखी झाली होती, अंगात कणकण होती, म्हणजे दुखतंय हे काही अगदीच खोटं नव्हतं. नजवा स्वतःची अशी समजूत घालायची, आणि ती पटायची नाही.

उन्हं उतरल्यावर तिने लेप धुऊन टाकला. खाली ताजा रंग होता, केशरी, ओलसर, कालच सालटं निघाल्यासारखा.

"आता ही शेवटची," मब्रूका म्हणाली. "ही उतरेपर्यंत विसरलेली असेल ती."

"नाही विसरली तर?"

"पोरं विसरतात गं."

दिवे लागले. आजीच्या हातचा बसीसाचा, भाजल्या पिठाचा गोळा खाऊन, ओठांना जवाचं पीठ तसंच ठेवून सिरीन गादीवर चढली. आज ती खुशीत होती. बाऊ गेला होता ना. तिने दोन्ही हातांनी आईच्या झग्याचा गळा खाली ओढला.

आणि तशीच थांबली.

फुंकर घातली नाही, पापीही घेतली नाही. डोळे मोठे करून ती नुसती बघत राहिली. मग तिने आपलं बोट स्वतःच्या तोंडात घातलं, पुढचे दात एकेक चाचपून पाहिले आणि अगदी हळू विचारलं, "मी चावले?"

दात येताना एकदा सिरीन चावली होती आणि नजवा कळवळून ओरडली होती. नजवा ते कधीच विसरून गेली होती.

"नाही गं राणी. तू नाही चावलीस."

"मग कोण?"

दारात उभी असलेली मब्रूका काहीतरी गमतीचं बोलायला आली होती. ती तशीच परत फिरली. लेप धुताना नजवाच्या बोटांची टोकं लाल झाली होती. तिने मूठ मिटून हात पाठीमागे घेतला.

"कुणीच नाही," ती म्हणाली. "झोप आता."

सिरीनला ते पटलं नाही. ती भिंतीकडे सरकली, आईकडे पाठ केली. थोड्या वेळाने तिचा श्वास संथ झाला, तेव्हा नजवा तिला पांघरूण घालायला वाकली. पोरीने झोपण्याआधी आपल्या इवल्या तळव्याने स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं. गुदमरेल म्हणून नजवाने तो हात अलगद काढून बाजूला ठेवला.

सिरीनने झोपेतच तो परत तोंडावर नेला.