नामशेषचा डबा

शाळेत मिळालेला प्राण्यांच्या पत्त्यांचा खेळ साधनानं घरी आणला आणि धाकट्या राजदीपला स्वतःचाच एक नियम ठोकून दिला. "हातातला प्राणी आपल्या डोळ्यानं पाह्यला असन तं तो खेळात. नाही तं नामशेषच्या डब्यात!"

वाघ खेळात राहिला. पांढरकवड्याकडच्या पोरांना वाघाचं काय कौतुक! मग राजदीपच्या हाती गिधाड आलं.

"पाह्यलं काय तुनं?"

"म्या नाही. पन मायनं पाह्यलं, मेलेल्या बैलावर."

"मायचं चालत नाही. माय खेळून राह्यली काय? टाक डब्यात."

चुलीपाशी भाकरी थापत असलेली त्यांची माय नलू गालातल्या गालात हसली.

राजदीपनं गिधाड डब्यात टाकलं. मग काय मनात आलं कोणास ठाऊक, त्यानं आरशाच्या चौकटीत खोचलेला बापाचा फोटो काढला. कपाशीवर फवारणी करताना विष चढून धर्मपाल गेला, तेव्हा हा पोटात होता. पत्त्याएवढाच फोटो, पण राजदीप बराच वेळ निरखत बसला.

"म्या तं याले बी नाही पाह्यलं," तो म्हणाला आणि शहाण्या पोरासारखा पुन्हा डब्याचं झाकण उघडू लागला.

"अरे, थांब..." साधनानं झाकणावर हात ठेवला. पण नियम तिचाच होता.

नलूनं पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि दोघांच्या मधे येऊन बसली.

"मले बी वाट पत्ते, पोरी," ती म्हणाली. "मी बी खेळतो."