तेलातली वाळू

"भाऊजी, हवेचा फिल्टर काढून डंपर चालवता का? खरं सांगा."

मिस्त्रीनं लॅबमधून आलेला इंजिनच्या तेलाचा रिपोर्ट बॉनेटवर ठेवला. भाऊजी हसले. खाणीत सगळे त्यांना बुवा म्हणत, कारण चढ लागला की ते इंजिनाच्या ठेक्यावर भजन धरत.

"अहो मिस्त्री, लोक देवापुढं हात जोडतात, मी फिल्टरपुढं जोडतो. रोज झटकून बसवतो."

"मग तेलात धूळ कुठून येते? पाइप बघितले, क्लिपा बघितल्या. सगळं घट्ट."

मिस्त्रीच्या जिवावर आलं होतं. भाऊजींसारखा ड्रायव्हर नव्हता. बाकीचे तेलाचा नमुना भरायची रिकामी बाटली केबिनमध्ये लोळवून चिकट करून आणत, यांची आरशासारखी. मिस्त्री ती सगळ्यांना दाखवायचा. "बघा रे, बाटली अशी आणावी."

"ते असू दे," भाऊजी म्हणाले. "तुझी ताई म्हणत होती, तू बऱ्याच दिवसांत घरी आला नाहीस."

"तीच का येत नाही गॅरेजात? मलम संपलं का तिचं?"

मिस्त्री स्वतःच्या विनोदावर हसला. ताईनं एकदा ग्रीस मलम समजून गुडघ्याला चोळलं होतं. ती गोष्ट त्यानं खाणभर केली. दगड फोडणाऱ्यांपासून मालकापर्यंत सगळे पोट धरून हसले. तेव्हापासून ताईनं गॅरेजची पायरी चढली नव्हती.

भाऊजी हसले नाहीत.

"विषय बदलू नका," मिस्त्री म्हणाला. "साधी धूळ नाही ही. हे वाचा. सरळ वाळूच म्हणायची."

"वाळू?"

भाऊजींचा चेहरा उतरला.

"फिल्टर मीच काढत होतो," ते हळूच म्हणाले. "चढाला गाडी ओढत नव्हती."

मालकानं डंपर काढून घेतला आणि भाऊजींना फाटकावर बसवलं. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना दांडी वर करायची, खाली करायची. भजन थांबलं. मिस्त्रीला घास गोड लागेना. पण माणूस स्वतःच्या तोंडानं कबूल झाल्यावर त्यानं तरी काय करायचं?

मग झीज बघायला इंजिन खोललं. मिस्त्रीनं लायनरवरून, सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून, बोट फिरवलं. गुळगुळीत. बेअरिंग नव्यासारखी. वाळू फिरली असती तर ओरखडे पडले असते. इथं एकही नव्हता.

हात न धुताच तो ताईच्या घरी गेला. भाऊजी कामावर होते.

"बरा उगवलास," ताई म्हणाली. पाण्याचा तांब्या पुढं ठेवून ती खाली बसली. "यांचं काय चुकलं रे? घरात गुणगुणत नाहीत की बोलत नाहीत."

मिस्त्रीनं तांब्या तोंडाला लावला. ताई उठली. फळीवरून एक कोरी बाटली काढून तिनं पदरानं पुसली.

"ही तेवढी घेऊन जा. आता यांना लागायची नाही. डंपर गेला त्या दिवशी घरी येऊन मला म्हणाले, बाटलीला हात लावू नकोस, आणि तुझ्या भावाला काही सांगू नकोस. सांगण्यासारखं आहे काय त्यात? आधीच्या सगळ्या मीच तर आतून लख्ख करून द्यायचे. आणि हसू नकोस हं, तेलाच्या बाटलीला पाणी चालत नाही एवढं मला कळतं. मूठभर कोरडी वाळू घालायची, नि खळखळून हलवायची."