आमदारांच्या चपला

"साहेब पहाटेच मुंबईला गेले," आमदारांचा पीए बंगल्याच्या पायरीवरूनच म्हणाला. "क्रशरचं काय असेल ते मला सांगा."

अंगणात वाडीतल्या बायका बसल्या होत्या. क्रशरचं काय, ते त्यांच्या केसांतली पांढरी धूळ बघूनही कळलं असतं. वाडीच्या डोक्यावर खडी क्रशर सुरू झाल्यापासून भाकरीसुद्धा दातांखाली कचकच वाजत होती.

सगुणाबाईंचं पीएकडे लक्षच नव्हतं. त्या दाराकडे बघत होत्या. तिथे क्रशरमालकाचे चकचकीत बूट होते आणि त्यांना अगदी खेटून कोल्हापुरी चपलांचा जोड. उजव्या चपलेचा अंगठा निळ्या दोऱ्यानं शिवलेला. मतं मागायला आले असताना सगुणाबाईंच्याच उंबऱ्यापाशी आमदारांची ही चप्पल तुटली होती. सगुणाबाईंनीच दाभण काढून गोधडीच्या दोऱ्यानं ती शिवून दिली होती. "माय, तुला विसरणार नाही," असं म्हणत आमदार पाया पडले होते.

तेवढ्यात आतून दोघांच्या हसण्याचा आवाज आला. त्यातला एक आवाज सगळ्या बायकांनी प्रचारसभेत ऐकलेला होता. पीए उगाचच खोकला.

सगुणाबाई उठल्या. त्यांनी चपला पदरानं पुसल्या आणि काखोटीला मारल्या.

"अहो मावशी, हे काय करताय?"

"साहेब अनवाणीच मुंबईला गेले म्हणायचे," त्या शांतपणे म्हणाल्या. "आले की सांगा, चपला माझ्याकडं आहेत. न्यायला या म्हणावं. घर ठाऊक आहे त्यांना."