अंगठ्याचा कौल

गेनझोंनी स्वतःच डोळ्यांवर पंचा बांधून घेतला आणि उजवा तळवा पुढे केला. "आणा," ते म्हणाले. "माझा चाकू मला ओळखता येत नसेल, तर उद्यापासून दुकानात झाडू मारीन."

कामाच्या फळीवर पाच घडीचे चाकू ओळीने ठेवले होते. पाचही बिननावाचे, मुठीवर नावाचा ठसा मारायचा तेवढा राहिला होता. एक गेनझोंनी घडवलेला, चार त्यांच्या मुलीने, चिहारुने. पैज साधी होती. जो चाकू हाताला सगळ्यात बरा वाटेल तो गेनझोंनी उचलायचा. तो त्यांचा निघाला तर चिहारुने ठशाचा विषय कायमचा सोडायचा. तिचा निघाला तर यापुढे तिच्या चाकूंवर तिचं नाव. बारा वर्षं ती चाकू घडवत होती आणि बारा वर्षं त्यांच्यावर बापाचं नाव चढत होतं. मिकी गावातल्या चाकूवाल्यांच्या त्या गल्लीत यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, एक तिला सोडून.

चाकू हातात द्यायचं काम आईकडे, तोमिएबाईंकडे होतं. त्यांना घाई होती. अंगणात पर्सिमॉनच्या तुरट केशरी फळांची टोपली तशीच पडली होती. ती सोलून, वाळायला दोरीला टांगून ऊन उतरायच्या आत मोकळं व्हायचं होतं.

"घ्या, पहिला."

जाड लाकडी मूठ होती. गेनझोंनी पातं उघडण्याचीही तसदी घेतली नाही. "ही मूठ आहे की रताळं? पुढचा."

दुसऱ्याच्या पितळी कडा त्यांना बोचल्या. "दहा पेन्सिली तासल्या की तळहाताला फोड येईल." चिहारु हाताची घडी घालून उभी होती.

या चाकूंना खटका नसतो. पात्याच्या बुडाला एक छोटी शेपटी असते. ती अंगठ्याने दाबली की पातं बाहेर येतं, आणि अंगठा तिच्यावर दाबून धरला तरच उघडं राहतं. म्हणून मूठ कितीही गुळगुळीत असो, शेवटचा कौल अंगठ्याचा.

तिसऱ्या चाकूची शेपटी गेनझोंनी दाबली. पातं अर्धं आलं आणि अडलं. त्यांचा डावा हात मदतीला निघाला, पण त्यांनी तो मागे घेतला. ओठ आवळून पुन्हा रेटा दिला तेव्हा कुठे पातं उघडलं.

"पात्याचा खिळा नको तितका घट्ट बसवलाय," ते फणकारले. "बारा वर्षांत एवढंही शिकली नाहीस?"

तोमिएबाईंनी चमकून मुलीकडे पाहिलं. चिहारुने ओठांवर बोट ठेवलं.

चौथा त्यांना फार चिमुकला वाटला. "बाहुलीच्या लग्नात आहेर करायला बरा आहे."

पाचवा हातात आला आणि पातं एका दाबात उघडलं. त्यांनी पातं मिटलं, परत उघडलं, परत मिटलं. मग फळीवरचा लाकडाचा तुकडा चाचपून घेतला आणि त्यावरून पातं फिरवलं. कागदासारखी पातळ ढलपी निघाली. अंगठा जागचा हलला नाही.

"हा," ते म्हणाले, आणि छाती फुगली. "हा माझा. मुठीचं पितळ असं दुमडायला चाळीस वर्षं हात काळे करावे लागतात. कळलं का?"

त्यांनी पंचा ओढून काढला. हातातल्या चाकूची शेपटी नेहमीपेक्षा जरा लांब होती, आणि तिला अंगठा टेकेल एवढंच वळण दिलेलं होतं. असली शेपटी त्यांनी जन्मात केली नव्हती. त्यांची नजर सावकाश फळीवरच्या तिसऱ्या चाकूकडे गेली.

"अहो, त्या तिसऱ्याचा खिळा कुणी घट्ट बसवला म्हणायचा?" तोमिएबाईंनी विचारलं.

गेनझोंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "शेपटी लांब का केलीस?"

"गेल्या वर्षी तुम्ही एकही पर्सिमॉन सोललं नाहीत, बाबा. कंटाळा आलाय म्हणालात." चिहारु त्यांच्या अंगठ्याच्या सुजलेल्या सांध्याकडे बघत होती. "तुम्हाला कंटाळा आलेला मी कधी बघितलाच नव्हता."

वर्षभर लपवलेलं दुखणं घरात सगळ्यांना ठाऊक होतं याची गेनझोंना लाज वाटली. आणि कुणी चारचौघांत त्याचा बोभाटा केला नाही, गुपचूप एक शेपटी लांब केली होती. तिच्या वळणावर त्यांनी पुन्हा अंगठा टेकवला.

"ठसा बनवून घ्यावा लागेल तुझा," ते घसा खाकरत म्हणाले.

चिहारुने एप्रनच्या खिशातून ठसा काढला. पोलादात तिच्या नावाची अक्षरं नीट कोरलेली होती.

"खिशात घेऊनच उभी होतीस?"

"हरणार नव्हतेच मी."

तिने पाचव्या चाकूसाठी हात पुढे केला. गेनझोंनी तो दिला नाही. ते उठले, अंगणात गेले आणि टोपली ओढून बसले. चाकू उघडला, शेपटीवर अंगठा टेकवला आणि पहिलं फळ हातात घेतलं. सालाची केशरी पट्टी गुडघ्यावरून खाली लोंबू लागली.

"हा सोलून झाल्यावर देईन," त्यांनी मान न वळवता हाक दिली. "तोवर तुझ्या बाकीच्यांवर मार. एकच घाव घालायचा, दुसरा घातलास की अक्षरं दुहेरी उठतात."

"रताळ्यावरही मारू?"

"त्याच्यावर आधी मार. चांगल्या चाकूवर नाव कुणीही घालतं."

आत एकच घाव वाजला. बाहेर सालाची पट्टी तुटली नाही.